आभासी यंत्राचे समापन

आभासी यंत्राचे समापन : प्रत्यक्ष संगणकाचे प्रक्रियक, स्मृती, तबकडी, जाळेजोडणी इ. घटक एका विशेष आज्ञावलीच्या साहाय्याने वाटून देऊन एकाच यंत्रावर अनेक स्वतंत्र संगणक चालू असल्याचा प्रत्यय निर्माण करता येतो. अशा प्रत्येक प्रत्ययरूप संगणकास आभासी यंत्र म्हणतात. व्यवहारात त्यास व्हर्च्युअल मशीन किंवा संक्षेपाने व्हीएम हेच नाव रूढ आहे. वाटणी करणाऱ्या आज्ञावलीस हायपरव्हायझर, प्रत्यक्ष संगणकास यजमान व आभासी यंत्रात चालणाऱ्या प्रचालन प्रणालीस अतिथी अशा संज्ञा आहेत. चालू कामे आवरून, स्मृतीतील विदा तबकडीवर उतरवून अतिथीने स्वतःस थांबविणे म्हणजे समापन होय. समापनाची आज्ञा दिल्यावरही आभासी यंत्र चालूच राहते किंवा ‘बंद होत आहे’ या अवस्थेत तासन्‌तास अडकून पडते, हा अनुभव या क्षेत्रातील तंत्रज्ञांना नवा नाही. वरवर पाहता हा किरकोळ बिघाड वाटतो. तथापि त्याचे मूळ आभासी यंत्राच्या रचनेतच असून गेल्या सहा दशकांत त्याने निरनिराळी रूपे घेतली आहेत.

संगणकपूर्व काळात यंत्र थांबविणे ही साधी क्रिया होती. नागपूरच्या एम्प्रेस गिरणीत (१८७७) एंजिनाकडे जाणारी वाफ झडप मिटून तोडली, की गतिचक्र जडत्वाने काही फेरे घेऊन थांबे. चात्यांवरील सूत जेथल्या तेथे राही व दुसऱ्या दिवशी तेथूनच काम पुढे चाले. संगणकाचे तसे नाही. त्याच्या चालू कामाचा मोठा भाग विजेवर अवलंबून असलेल्या स्मृतीत असतो व तबकडीवरील प्रत नेहमीच थोडी मागे असते. लिनक्स या प्रचालन प्रणालीत, संबंधित आज्ञावलीने विशेष मागणी केली नसेल तर, लिहिलेला मजकूर सु. ३० सेकंदांपर्यंत स्मृतीतच राहू शकतो. या अवधीत वीज तोडली, तर यंत्र थांबते खरे, पण ते कोठे थांबले हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. म्हणून संगणक थांबविणे व संगणकाने थांबणे या दोन भिन्न गोष्टी ठरतात. प्रत्यक्ष यंत्रात त्या दोहोंमधील अंतर क्वचितच लक्षात येते. आभासी यंत्रात ते उघडे पडते, कारण तेथे थांबविणारा व थांबणारा हे दोन वेगळे पक्ष असतात.

इतिहास : आभासी यंत्राची कल्पना मोठ्या संगणकांच्या काळातील आहे. मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांदो कॉर्बातो (१९२६–२०१९) यांच्या नेतृत्वाखाली १९६१ मध्ये कालविभाजन प्रणालीचे प्रात्यक्षिक झाले. एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरावा, हा तिचा हेतू होता. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज येथील शास्त्रीय केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याच हेतूसाठी निराळा मार्ग निवडला. प्रत्येक उपयोजकाला संगणकाचा वाटा न देता संपूर्ण संगणकच दिल्याचा भास निर्माण करावयाचा, असा तो मार्ग होता. त्यानुसार फेरबदल केलेल्या सिस्टम/३६० मॉडेल ४० या संगणकावर सीपी-४० ही नियंत्रण आज्ञावली जानेवारी १९६७ पासून प्रत्यक्ष वापरात आली. तिच्यात १४ आभासी यंत्रे चालू शकत. तिच्यापासून सीपी-६७ व पुढे ऑगस्ट १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली निर्माण झाली. आजची झेड/व्हीएम ही तिचीच वंशज होय.

या प्रणालींत उपयोजकाने प्रवेश केला की त्याचे आभासी यंत्र जन्मास येई व त्याने निरोप घेतला की ते नाहीसे होई. यंत्रात बहुधा सीएमएस ही एकाच व्यक्तीसाठी असलेली हलकी प्रणाली चाले. ती अचानक तोडली तरी हानी त्या एका व्यक्तीपुरती राही. मात्र आभासी यंत्रात संपूर्ण प्रचालन प्रणाली व तिच्यात अनेकांची कामे चालू असल्यास प्रश्न गंभीर होई. संगणकचालकाला सक्तीने निरोप देण्याची आज्ञा उपलब्ध होती, पण तीही प्रत्येक वेळी तडीस जात नसे. चुंबकीय फीत किंवा तबकडी यांच्याशी सुरू झालेली देवाणघेवाण अपुरी असल्यास त्या उपकरणाचा मार्ग यंत्राच्या स्मृतीत केव्हाही मजकूर ओतण्याची शक्यता असे. ती स्मृती तशीच सोडवून दुसऱ्या उपयोजकास दिली, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या पानावर उमटेल. म्हणून उपकरणाकडून उत्तर येईपर्यंत नियंत्रण आज्ञावली त्या यंत्राला धरून ठेवी आणि चालकाला ‘निरोप प्रलंबित’ अशा अर्थाचा संदेश मिळे. न मरणाऱ्या आभासी यंत्राचे हे सर्वांत जुने रूप होय. यातील कारण सुज्ञपणाचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चालकाला जो हट्टीपणा वाटे, तो वस्तुतः शेजाऱ्याचे रक्षण होता.

जेरल्ड पोपेक (१९४६–२००८) व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ मध्ये आभासीकरणाच्या अटी गणिती रूपात मांडल्या. आभासी यंत्रातील आज्ञावलीचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनासारखेच असावे, बहुतेक आज्ञा मध्यस्थाविना चालाव्यात व सर्व साधनांवर नियंत्रकाचा पूर्ण ताबा असावा, अशा या तीन अटी आहेत. यांपैकी तिसरी अट समापनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्यामुळे नियंत्रकाला अतिथीचा प्रक्रियक व स्मृती केव्हाही काढून घेता येते. मात्र अतिथीच्या स्मृतीतील कोणता भाग मोलाचा आहे, कोणते लेखन अर्धवट आहे, हे समजून घेण्याचे कोणतेही साधन ती अट देत नाही. सत्ता संपूर्ण, पण ज्ञान शून्य, अशी नियंत्रकाची स्थिती असते. पहिल्या अटीने तर हे अज्ञान पक्केच केले. कारण अतिथीचे वर्तन प्रत्यक्ष यंत्रावरील वर्तनासारखे ठेवायचे, तर आपण आभासी आहोत हे त्याला कळण्याचेही कारण उरत नाही. म्हणजेच त्याला थांबविण्याची विनंती करायची, तर ती प्रत्यक्ष यंत्राला ज्या वाटेने केली जाते, त्याच वाटेने केली पाहिजे.

ती वाट व्यक्तिगत संगणकाने तयार केली. आरंभीच्या व्यक्तिगत संगणकांतील खटका विजेचा प्रवाहच तोडीत असे. प्रचालन प्रणालीला त्याची पूर्वसूचना नसे. म्हणून ‘आता संगणक बंद करण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश विंडोज ९५ च्या पडद्यावर दिसे व त्यानंतर माणसाने खटका दाबावयाचा, अशी रीत होती. इंटेल व मायक्रोसॉफ्ट यांनी १९९२ मध्ये वीजव्यवस्थापनाचे पहिले प्रमाण तयार केले. इंटेलच्या १९९५ मधील एटीएक्स रचनेत पुढील खटक्याचे बटण झाले व विजेचा पुरवठा मुख्य फलकाच्या आज्ञेत आला. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी एसीपीआय हे प्रमाण प्रसिद्ध केले. या प्रमाणानुसार बटण दाबणे म्हणजे प्रवाह तोडणे नव्हे. बटण दाबले गेले एवढी सूचना प्रचालन प्रणालीस मिळते, व त्यावर काय करावयाचे ते ती ठरविते. प्रणाली प्रतिसादच देत नसेल तर बटण चार सेकंद दाबून धरण्याची तरतूद ठेवण्यात आली. अशा रीतीने खटक्याची विनंती झाली व सक्ती ही त्या विनंतीच्या पाठीशी राखून ठेवलेली वेगळी कृती ठरली. माणूस व यंत्र यांच्या संबंधात झालेला हा बदल लहान नव्हे, पण त्याची गाजावाजा न होता अंमलबजावणी झाली.

व्यक्तिगत संगणकाच्या प्रक्रियकावर आभासीकरण करणे दीर्घकाळ अवघड मानले जात होते. त्यातील काही आज्ञा नियंत्रकाला न कळता वेगळे वर्तन करीत व पोपेक–गोल्डबर्ग यांच्या अटींत बसत नसत. स्टॅनफर्ड विद्यापीठात एदुआर बुन्यों, स्कॉट डिव्हाइन व मेंडेल रोझेनब्लम यांनी १९९७ मध्ये डिस्को या प्रयोगाद्वारे जुन्या कल्पनेस उजाळा दिला. डायेन ग्रीन व एडवर्ड वांग यांच्यासह त्यांनीच १९९८ मध्ये व्हीएमवेअर ही कंपनी स्थापन केली व १९९९ मध्ये तिचे पहिले उत्पादन बाजारात आले. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात २००३ मध्ये झेन हा नियंत्रक तयार झाला. त्याच वर्षी फाब्रिस बेलार यांची क्यूएमयू ही अनुकरण आज्ञावली प्रसिद्ध झाली. इंटेलने २००५ मध्ये व एएमडीने २००६ मध्ये आभासीकरणास साहाय्यक अशा सोयी प्रक्रियकातच दिल्या. त्यांचा लाभ घेणारा केव्हीएम हा भाग फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात समाविष्ट झाला. मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही २००८ मधील आहे.

या सर्वांनी समापनासाठी एकच तोडगा स्वीकारला. आभासी यंत्राला आभासी बटण दिले; यजमानाने ते दाबले की अतिथीस एसीपीआयची सूचना मिळते. झेनमध्ये सामायिक नोंदस्थानात ‘बंद हो’ अशी नोंद लिहिण्याची वेगळी पद्धत आहे. यांखेरीज अतिथीच्या आत एक लहान प्रतिनिधी आज्ञावली बसवून तिच्याकरवी निरोप पोचविण्याची पद्धतही सर्वत्र रूढ झाली. मार्ग कोणताही असो, शेवटी तो अतिथीच्या संमतीपाशीच येऊन थांबतो.

अडथळे व त्यांचा शोध : बंद न होणाऱ्या आभासी यंत्राबाबत पहिला प्रश्न ‘सक्ती कशी करावी’ हा नसून ‘विनंती कोठे अडली’ हा आहे. ती चार ठिकाणी अडू शकते : ऐकणारा नसणे, ऐकणाऱ्याला आवरता न येणे, खालची साठवण नाहीशी होणे व वरच्या व्यवस्थेने यंत्र पुन्हा उभे करणे.

ऐकणारा नसण्याचे प्रकार अनेक आहेत. किमान घटकांनी रचलेल्या लिनक्स अतिथीत बटणाची सूचना स्वीकारणारी सेवाच बसविलेली नसते. अतिथी आरंभसूचीवरच थांबलेला असतो, किंवा त्याचा गाभा कोसळलेला असतो. विंडोजच्या सर्व्हर आवृत्त्यांत कोणीही प्रवेश केलेला नसताना समापनास परवानगी न देण्याचे धोरण मूळचेच असते व काही आवृत्त्यांत त्यामुळे बटणाची सूचना वाया जाते. या प्रकारात यंत्राच्या पडद्याकडे, म्हणजे यजमानाने दाखविलेल्या त्याच्या प्रतिमेकडे, पाहिल्यास बराच उलगडा होतो. ही साधी पायरी अनेकदा गाळली जाते. पडद्यावर ‘बदल जतन करावयाचे काय’ असा प्रश्न तासभर उत्तराची वाट पाहत असल्याचे मागाहून आढळते.

याच गटातील एक फसवा प्रकार विशेष नोंदविण्याजोगा आहे. जागेची बचत व्हावी म्हणून आभासी तबकडीला आरंभी नाममात्र जागा देऊन गरजेनुसार ती वाढविली जाते. यजमानाची खरी तबकडी भरली, की पुढील लेखन अशक्य होते व क्यूएमयूसारखी आज्ञावली विदा बिघडू नये म्हणून अतिथीस जागच्या जागी गोठविते. गोठलेल्या अतिथीच्या दृष्टीने काळच थांबलेला असल्याने बटण कितीही वेळा दाबले तरी उपयोग होत नाही. येथे सक्ती करणे ही घोडचूक ठरते. यजमानावर जागा मोकळी करून अतिथीस पुन्हा चालू केले, की तो अडलेले लेखन पूर्ण करतो व त्यानंतर बिनतक्रार बंद होतो.

दुसऱ्या प्रकारात अतिथी ऐकतो, कामाला लागतो, पण आवरता आवरत नाही. लिनक्समधील सिस्टमडी ही व्यवस्था प्रत्येक सेवेस थांबण्यासाठी सर्वसाधारणपणे ९० सेकंद देते व त्यानंतर तिला ठार करते. मोठ्या विदागाराला आपले हिशेब मिटवण्यास याहून अधिक वेळ लागणे अगदी स्वाभाविक आहे. हा बिघाड नव्हे. येथे औषध म्हणजे धीर, व पुढच्या खेपेसाठी मुदतीत वाढ.

तिसरा प्रकार सर्वांत चिवट असून त्यात साठवण नाहीशी झालेली असते. अतिथीने दुसऱ्या संगणकावरील फाइल प्रणाली जोडून घेतली असेल व तो संगणक आधीच बंद झाला असेल, तर वाट पाहणारी प्रक्रिया युनिक्स कुळातील प्रणालींत अशा निद्रेत जाते की तिला मारण्याची आज्ञाही तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला जाग येईल ती उत्तर आले तरच. हीच आपत्ती एक मजला खाली, यजमानावरही येते. आभासी यंत्र हे यजमानाच्या दृष्टीने एक प्रक्रिया असते, व तबकडी पुरविणारी यंत्रणा गप्प झाली तर ती प्रक्रियाच अशा निद्रेत जाते. मग सक्तीची आज्ञाही निष्फळ ठरते. व्हीएम/३७० च्या चालकाला दिसणारा ‘निरोप प्रलंबित’ हा संदेश व आजच्या तंत्रज्ञास दिसणारी ही अवस्था यांचे कारण मूलतः एकच आहे. उपकरण पुन्हा बोलते करणे, आणि ते शक्य नसल्यास इतर अतिथींची अन्यत्र सोय लावून यजमानच बंद करून पुन्हा सुरू करणे, एवढेच मार्ग उरतात.

चौथ्या प्रकारात यंत्र बंद होते, परंतु क्षणार्धात पुन्हा उभे राहते. सेवा अखंड राहावी म्हणून नेमलेली समूहव्यवस्था थांबलेले यंत्र म्हणजे कोसळलेले यंत्र असे समजून त्यास पुन्हा चालू करते. येथे दोष अतिथीचा नाही व यजमानाचाही नाही. आज्ञा चुकीच्या अधिकाऱ्याकडे गेलेली असते, इतकेच. समापनाची सूचना त्या समूहव्यवस्थेलाच द्यावी लागते.

हे सर्व तपासून झाल्यावर सक्तीचा विचार करावा. लिनक्सवरील लिबव्हर्टमध्ये सक्तीच्या आज्ञेस ‘डिस्ट्रॉय’ असे नाव आहे. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण तिने आभासी तबकडी नष्ट होत नाही. केवळ वीज तोडल्याचा परिणाम होतो. नवशिके तिला नको तेवढे भितात आणि सरावलेले पुरेसे भीत नाहीत. व्हीएमवेअरच्या यजमानावर सौम्य, कठोर व निर्वाणीची अशा सक्तीच्या तीन पायऱ्या आहेत व त्या याच क्रमाने वापरावयाच्या असतात.

सक्तीनंतर काय वाचते, हे अतिथीच्या आतील हिशेबपद्धतीवर ठरते. १९९३ मधील एनटीएफएस, लिनक्सच्या गाभ्यात २००१ मध्ये आलेली ईएक्सटी३ इ. फाइल प्रणाली बदलापूर्वी त्याची नोंद रोजनिशीत करतात. त्यामुळे तबकडीची रचना सहसा शाबूत राहते. विदागारे याच तत्त्वावर अधिक काटेकोर नोंदवही ठेवतात. आयबीएममधील भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ चंद्रशेखरन मोहन व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये मांडलेली एरीज ही पद्धती या विषयात पायाभूत मानली जाते. कोसळलेले विदागार पुन्हा सुरू होताना ते नोंदवही वाचते, पूर्ण झालेले व्यवहार परत घडविते आणि अपुरे व्यवहार मागे घेते. मात्र यासाठी नोंदवही खरोखर तबकडीवर पोचलेली असली पाहिजे. वेग वाढावा म्हणून यजमानावर ‘लिहिले’ असे खोटेच उत्तर देणारी व्यवस्था निवडली असेल आणि यजमानच कोसळला, तर अतिथीची सर्व सावधगिरी व्यर्थ जाते.

महाराष्ट्र व नागपूर : महाराष्ट्रात संगणकाचा इतिहास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील टिफ्रॅक (१९६०) या स्वदेशी संगणकापासून व तेथेच १९६४ मध्ये बसविलेल्या सीडीसी ३६०० पासून सांगितला जातो. आयबीएमने १९७८ मध्ये भारतातील व्यवहार गुंडाळले. त्यामुळे आभासी यंत्राशी येथील बहुसंख्य तंत्रज्ञांचा परिचय मोठ्या संगणकांवर न होता सूक्ष्मप्रक्रियकाच्या पिढीत झाला. या पिढीच्या घडणीत नागपूरचाही वाटा आहे. परम ८००० (१९९१) हा महासंगणक घडविणाऱ्या पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राचे संस्थापक विजय भटकर हे नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयाचे १९६५ चे पदवीधर होत. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयास २००२ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचा दर्जा मिळाला. त्याच्याच आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमि-उपयोग नियोजन ब्यूरोचे मुख्यालयही (१९७६) नागपुरातच आहे. भूप्रतिमा व नकाशे यांचा अवाढव्य साठा बाळगणाऱ्या अशा संस्थांमुळे विदेचे जतन हा या शहरात केवळ पुस्तकी विषय राहिलेला नाही.

समापनाचा प्रश्न नागपूरसारख्या ठिकाणी दोन कारणांनी तीव्र होतो : वीज आणि उष्मा. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रे जिल्ह्यातच असूनही विसाव्या शतकाच्या पहिल्या नव्हे, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विदर्भाने दीर्घकाळ भारनियमन सोसले. मे महिन्यात शहराचे कमाल तापमान ४५° से. च्या पुढे जाणे नवलाचे नाही. लहान संगणककक्षांत बहुधा संगणकांनाच बॅटरीचा आधार असतो, वातानुकूलनाला नसतो. त्यामुळे वीज गेल्यावर संगणक चालू राहतात व खोली तापत जाते. हाताशी असलेला वेळ मोजका असतो आणि तेवढ्यात सर्व आभासी यंत्रे नीट बंद व्हावी लागतात. समजा, एका यजमानावर १२ आभासी यंत्रे आहेत, ती एकामागून एक बंद करण्याची रीत ठेवलेली आहे व प्रत्येकास पाच मिनिटांपर्यंत मुदत दिली आहे. एकही यंत्र ऐकत नसेल, तर एक तास लागेल. बॅटरी पंधरा मिनिटांची असेल, तर तीन यंत्रांनंतर उरलेल्या नवांची वीज तुटलीच म्हणून समजावे. म्हणून कोणती यंत्रे एकत्र बंद करावयाची व कोणती शेवटी, याचा क्रम आधीच आखून ठेवतात. साठवण पुरविणारे यंत्र सर्वांत शेवटी, त्याआधी विदागार, आणि उपयोजकांच्या समोरील यंत्रे सर्वांत आधी, असा हा क्रम असतो. तो उलटा झाला, की वर वर्णिलेली चिवट निद्रा हमखास ओढवते. हा क्रम पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात, निवांत दिवशी, प्रत्यक्ष करून पाहणे श्रेयस्कर. मे महिन्यातील भर दुपार ही त्याची परीक्षा पाहण्याची वेळ नव्हे.

दरम्यान खुद्द बटणच दूर गेले आहे. संगणकीकरणाच्या पहिल्या टप्प्यात जमिनीचे अभिलेख तहसील कार्यालयातील संगणकावर असत व तो ज्याच्या ताब्यात, त्याच्याच हाताशी खटकाही असे. राष्ट्रीय ई-शासन योजनेत (२००६) प्रत्येक राज्यासाठी विदा केंद्राची कल्पना पुढे आली. महाराष्ट्राचे केंद्र मुंबईत आहे. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राचा मेघराज हा राष्ट्रीय मेघ २०१४ मध्ये सुरू झाला. मेघ या नावाखाली जे पुरविले जाते, ते मुख्यतः आभासी यंत्रच होय. महाभूलेख या संकेतस्थळावर राज्याच्या सहा महसुली विभागांचे अभिलेख पाहता येतात. त्यांपैकी नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे येतात. २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. असे अभिलेख ज्या यंत्रांवर असतात, त्यांच्या देखभालीस बसलेल्या तंत्रज्ञासमोर खटका, तार किंवा तबकडीचा दिवा यांपैकी काहीच नसते. पडद्यावर एक बटण असते आणि ते दाबल्यावर येणारे किंवा न येणारे उत्तर असते.

सक्तीने बंद केलेल्या यंत्रात काय पणाला लागते, हे फेरफाराच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. शेतजमीन विकली गेली असता जुन्या खातेदाराचे नाव कमी करणे व नव्याचे नाव दाखल करणे या दोन नोंदी मिळून एक व्यवहार होतो. पहिली नोंद होऊन दुसरी व्हावयाच्या आधी यंत्र तुटले व नोंदवही ठेवलेलीच नसेल, तर ती जमीन कागदोपत्री कोणाचीच राहणार नाही. क्रम उलटा असेल, तर ती दोघांची होईल. पीककर्जासाठी उतारा मागणाऱ्या शेतकऱ्याला यातील तांत्रिक कारण कोणी सांगणार नाही. नोंदवही असल्यास पुन्हा सुरू होताना विदागार अर्धा व्यवहार मागे घेते व जमीन जुन्या खातेदाराच्या नावे पूर्ववत दिसू लागते. फेरफार मात्र नव्याने भरावा लागतो. आणि तो भरावा लागणार आहे हे गावपातळीवरील महसूल कर्मचाऱ्यास कळण्यासाठी यंत्र कोणत्या मिनिटाला तोडले गेले, याची नोंद तोडणाऱ्याने करून ठेवलेली असावी लागते.